पिवळ्या लोकरीचं दुपटं

अक्का, काल दुपट्याच्या ओळीत पुन्हा एक खांब कमी भरला.

ओळ संपल्यावर मोजले तर एकोणनव्वद. परत मोजले तर अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यांदा मोजायला घेतले आणि मध्येच तंद्री लागली. जाग आली तेव्हा ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं होतं, मांडीवर अर्धवट दुपटं होतं, आणि मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत होतो, "अक्का, शेवटचा खांब कुठं टाकू वं?" तुला जाऊन बावीस दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुझी चष्म्याची डबीसुद्धा मी कपाटात ठेवली. तरी विचारतोच आहे.

मी विषयाला फाटे फोडतो हे तुला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. मला तुझी माफी मागायची होती आणि ती राहिली. हा कागद त्यासाठी घेतला आहे. शिवाय प्राची बाळंतपणाला आपल्या घरी येणार की पुण्यातच राहणार, हा घोळ तू गेल्यापासून पडला आहे, आणि तो निस्तरायला घरात मी एकटाच आहे. तू असतीस तर एका ओरडण्यात निकाल लागला असता.

तसा एकदा लागलाही होता. सप्टेंबरात प्राचीचा पुण्याहून फोन आला, तिसरा महिना लागला म्हणून. मी खुर्चीतून उठलो, बसलो, परत उठलो. तू फोन माझ्या हातातून ओढून घेतलास. "उलट्या होतात का वं पोरी? आंबट खावंसं वाटते का? बापाले काही विचारू नको, त्याले काय समजते!" आठ दिवसांनी तिच्या सासूबाईंचा फोन आला. बाई चांगल्या आहेत, मनात काही वाईट नव्हतं. म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे खरी, पण प्राचीची आई नाही आता, घरात बाईमाणूस नाही..." मी नुसता खाकरलो. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढली, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले पाहिले, त्यांच्या मधोमध साखळी टाकून जमीन मोजली. पण त्या बाईंपुढं मी फोन नुसता या कानाचा त्या कानाला लावत राहिलो. तू मागून ओरडलीस, फोनला ऐकू जाईल अशा बेतानं. "बाईमाणूस नाही म्हणजे? मी काय मेली का? आत्या आहे न तिची. येऊ द्या पोरीले!"

कुंदा गेली तेव्हा तू काटोलहून चार दिवसांसाठी म्हणून आलीस आणि तीन वर्षं राहिलीस. पिशवीत दोन पातळं, बीपीच्या गोळ्या आणि क्रोशाच्या सुयांचा पत्र्याचा डबा. बायको गेलेला भाऊ नीट जेवतो की नाही एवढंच बघायचं होतं म्हणालीस. पंखा दोनवर की तीनवर, वरणात गूळ किती, बातम्या कोणत्या लावायच्या, एक दिवस आपलं भांडणावाचून गेला नाही. शेजारच्या वानखेड्यांना वाटायचं, या दोघांचं काही खरं नाही. त्यांना काय माहीत, त्या भांडणांनी मला कुंदाच्या नसण्यातून कसं ओढून काढलं ते. हे मी तुला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू म्हणाली असतीस, "पंखा बंद कर अगोदर."

तर दुपटं. आपल्या घरात बाळाला पहिल्यांदा ज्यात गुंडाळतात ते माहेरचं असतं, आजीच्या हातचं. आजी नाही. तुझी बोटं संधिवातानं वाकलेली, सुई धरली की अंगठा थरथरायचा. फोन झाला त्याच दुपारी तू तो पत्र्याचा डबा माझ्यापुढे आपटलास.

"विण."

"मी?"

"मंग काय वानखेडे विणतीन? आजा तू होऊन राहिला न?"

मी गांधीबागेच्या बाजारात जाऊन लोकरीचे सहा गुंडे आणले. पोरगा की पोरगी माहीत नव्हतं म्हणून गुलाबी, निळा, मोरपंखी, जे दिसेल ते घेतलं. दुकानदारानं विचारलं, "काकूंनी शेड कोणता सांगितला?" मी ताठ होऊन म्हणालो, "काकू नाही, मलाच विणायचं आहे." तो माणूस बिचारा पिशवी भरताना दोनदा माझ्या हातांकडे बघत होता. घरी येऊन मोठ्या ऐटीत गुंडे तुझ्यापुढे मांडले तर तू कपाळावर हात मारलास. "नवी लोकर? जल्मल्या जल्मल्या लेकराच्या अंगाले नवं लावते का कोणी? भैताडच आहे!" मग तू समजावून सांगितलंस की पहिलं जुनंच हवं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, घरातल्या कुणाच्या तरी अंगावर फिरलेलं. नवं बारशाला. तोवर बाळानं घरातल्यांच्या जुन्यात राहायचं असतं. "मग हे काय करू?" मी विचारलं. "हे शिकाले घे. बिघडव किती बिघडवाचं थे."

आणि मी बिघडवलं, अक्का. पहिली साखळी इतकी घट्ट काढली की तिच्यातून सुई परत जाईना. "साखळी काढून राहिला का कैदी बांधून राहिला? हात ढिला सोड." हात ढिला सोडला तर साखळीतून करंगळी जाईल अशी भोकं. सुईवर एक वेढा, टाक्यात सुई, दोरा ओढ, दोनातून काढ, परत दोनातून काढ, झाला एक खांब. एवढंसं काम. ते त्रेसष्टाव्या वर्षी शिकायला मला सव्वा महिना लागला. आणि खांब जमला तेव्हा भलतंच झालं. गुलाबी दुपटं विणता विणता निमुळतं व्हायला लागलं. सुरुवातीला नव्वद खांब, पंचविसाव्या ओळीला सहासष्ट. मी ते गादीवर पसरून मापलं, पट्टी लावली, कागदावर आकृती काढली, काही केल्या चूक सापडेना. तू चहाचा कप घेऊन आलीस, पाहिलंस आणि हसून हसून चहा बशीत सांडलास.

"पस्तीस वर्षं लोकायचे धुरे सरळ केले अन् तुह्या दुपट्याचा धुरा पाह्य! लेकराले काय समोशात गुंडाळतं?"

चूक साधी होती. ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या वर चढवायच्या, तो पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा. मी त्या साखळ्यांना खांब धरतच नव्हतो, त्यामुळे प्रत्येक ओळीला एक खांब गळत होता. "पण तो खांबासारखा दिसत नाही," मी वाद घातला. "दिसत नाही म्हणून नसते का?" तू म्हणालीस, आणि पंचवीसच्या पंचवीस ओळी एका झटक्यात उसवून माझ्या हातात गुलाबी शेवयांचा ढीग दिलास. तुला उसवताना कधी वाईट वाटलं नाही. मला वाटायचं. इतक्या दुपारी त्यात गेल्या होत्या.

त्या दुपारी मात्र फार गोड होत्या. आता त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. गॅलरीत दोन खुर्च्या, मध्ये स्टुलावर संत्र्याची सालं, तिकडे रुळांवरून एखादी गाडी लांबलचक भोंगा देत जायची आणि तिच्या आवाजात माझी मोजणी वाहून जायची. तू डोळे मिटून बसायचीस, मला वाटायचं झोपलीस, आणि मी चुकलो की डोळे न उघडता म्हणायचीस, "उसव." तुला ते कशावरून कळायचं ते मला अजून कळलेलं नाही. सुईचा आवाज बदलत असेल, किंवा माझा श्वास. मोजता मोजता मलाही झोप लागायची, पण ती नेहमीची झोप नव्हती. बोटं चालू राहायची आणि मी कुठेतरी दुसरीकडे असायचो. कधी काटोलच्या घराच्या ओट्यावर, कधी नुसत्या उन्हात.

दिवाळीनंतर एका सकाळी टेबलावर पिवळ्या लोकरीचे चार गुंडे होते. हळदीच्या दुधासारखा फिका रंग, रिठ्याचा वास. "हे घे. जुनी आहे. आता खरं दुपटं विण," तू म्हणालीस आणि आत निघून गेलीस. त्याच्या आदल्या आठवड्यात मी गच्चीवर ओल्या लोकरीची लड दोरीला टांगलेली पाहिली होती, सुरकुत्या जाव्यात म्हणून खाली पाण्याचा लोटा बांधलेला. तुझंच काहीतरी जुनं उसवलं असेल असं समजून मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का? तू सांगितलं असतंस का? त्या लोकरीनं मात्र माझा हात कसा बसला! खांबाला खांब लागून उभे राहायला लागले. आणि एक नवल व्हायला लागलं. विणता विणता डोळा लागला की कुंदा यायची. तीन वर्षांत जी स्वप्नात आली नव्हती ती रोज दुपारी यायची, काही न बोलता शेजारून जायची, तिचा पदर खुर्चीला लागल्यासारखा वाटायचा. मी तुला सांगितलं तेव्हा तू माझ्या मांडीवरचं दुपटं सरळ केलंस. "येऊ दे," एवढंच म्हणालीस.

चाळीस ओळी झाल्या. मग डिसेंबरात थंडी पडली आणि मी कुंदाचं कपाट उघडलं.

वर्षातून दोनदाच उघडतो, डांबरगोळ्या ठेवायला. तुला माहीत आहे. त्या दिवशी उघडलं आणि तिच्या पिवळ्या स्वेटरचा हँगर रिकामा. ते समोरून बटणांचं स्वेटर, कोपरावर तिनंच रफू केलेलं, जे तिनं शेवटच्या हिवाळ्यात दवाखान्यातही अंगावरून काढलं नाही. मी सगळे कप्पे उपसले. मग मागं वळून खुर्चीवरच्या दुपट्याकडे पाहिलं. मला तो रंग ओळखू आला नव्हता. बायकोचं स्वेटर महिनाभर मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला ते ओळखू आलं नव्हतं. त्याचाच राग जास्त होता, हे आज कळतं. तेव्हा तो सगळा तुझ्यावर निघाला.

तू कणीक मळत होतीस. मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. तिची एकच वस्तू होती जिला अजून तिचा वास होता असं म्हणालो. विचारायची पद्धत नाही का म्हणालो. तू मान खाली घालून मळतच राहिलीस, म्हणून मी जास्तच भडकलो. आणि मग ते वाक्य बोललो. "तुला काय कळणार त्याची किंमत? तुझं होतं कोण?"

पंचविशीत विधवा झालेल्या, मूलबाळ नसलेल्या, सख्ख्या मोठ्या बहिणीला मी हे म्हणालो. जीभ झडायला पाहिजे होती माझी. तुझे हात एकदा थांबले. मग तू कणकेचा गोळा ताटाखाली झाकलास, हात धुतलेस आणि म्हणालीस, "दूध ठेवलं आहे गॅसवर. उतू जाईन. पाह्यजो." आणि आपल्या खोलीत गेलीस.

मी नऊ दिवस तुझ्याशी बोललो नाही. दुपटं पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं. ताट वाढलेलं असायचं, मी जेवायचो, उठायचो. गॅलरीत तू एकटी बसायचीस. पाचव्या दिवशी तू नुसतं विचारलंस, "काहून गा वसंता, विणून नाही राहिला?" मी पेपर वर धरला. मला वाटत होतं, आपल्याकडे वेळ आहे. रागाला पुरेल एवढा तर आहेच.

दहाव्या दिवशी तुला धाप लागली. धंतोलीत दवाखान्यात चार दिवस. तिथं मी बोलायला लागलो, पण कामाचं, "पाणी देऊ का," "डॉक्टर येऊन गेले का," असलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी नाकातली नळी बाजूला करून तू विचारलंस, "किती ओळी झाल्या?" मी खोटं बोललो. "पन्नास." तू हसलीस. माझं खोटं तुला लहानपणापासून कळतं. म्हणालीस, "उद्या घेऊन ये. पोरीचं दुपटं पाहू दे मले." मी म्हणालो, "आणतो." माफी माग, अक्काचा हात धर, असं आतून कुणीतरी ढोसत होतं, पण शेजारच्या खाटेवरचा पेशंट आणि त्याचे सहा नातेवाईक माझ्याकडे बघत होते, आणि मला लाज वाटली. लाज! त्या सहा अनोळखी माणसांची!

घरी जाऊन मी माळ्यावरून पिशवी काढली, एकेचाळिसावी ओळ विणली आणि सकाळी निघालो. वॉर्डाच्या दारात सिस्टर भेटली. तिनं माझ्या खांद्याला हात लावला तेव्हाच कळलं. पिशवी माझ्या हातात होती. सगळे सोपस्कार होईपर्यंत ती माझ्या हातातच होती, कुणी तरी शेवटी काढून घेतली.

प्राचीला येता आलं नाही. पोटुशीनं सुतकात येऊ नये म्हणून सगळ्यांनी अडवलं, मीही अडवलं. फोनवर ती इतकी रडली की मला तिच्या पोटाची भीती वाटायला लागली. चौदाव्या दिवशी तिच्या सासूबाईंनी फोन केला. फार मायेनं बोलल्या. "आता तिकडे कोण आहे हो? तुम्ही एकटे. इथेच करू बाळंतपण, तुम्ही बारशाला या." मी काय म्हणालो सांगू? "बरोबर आहे तुमचं," म्हणालो. फोन ठेवला आणि वाटलं की हे घर आता माहेर उरलं नाही. कुंदा गेली तेव्हा निम्मं गेलं होतं, उरलेलं निम्मं तू धरून ठेवलं होतंस, आणि मी ते तुझ्याशी भांडण्यात घालवलं.

परवा दुपारी एक स्वप्न पडलं. आपली गच्ची होती, पण काटोलच्या संत्र्याच्या बागेएवढी मोठी, आणि उन्हाला संत्र्याच्या फुलांचा वास होता. कुंदा ते पिवळं स्वेटर घालून जात्यावर बसावं तशी बसली होती. तिच्या बाहीतून एक दोरा निघाला होता, तो माझ्या दोन्ही हातांवरून जात होता आणि पलीकडे तू त्याचा गुंडा करत होतीस. तुम्ही दोघी बोलत होता, कुणाच्या तरी लग्नाबद्दल, अगदी सावकाश. स्वेटर कमी कमी होत चाललं होतं. आधी बाही गेली, मग दुसरी, मग पाठ. मी ओरडलो, "अक्का, थांब, तिला थंडी वाजेल." कुंदा माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "उकडत होतं हो मला केव्हाचं." मी तुला म्हणालो, अक्का, माफ कर, मी तसं बोलायला नको होतं. तू गुंडा करता करताच म्हणालीस, "हात वर धर, दोरा लोंबून राहिला." मी हात वर धरले. जागा झालो तेव्हा खरंच दोन्ही हात वर होते आणि समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे बघत होती.

इथवर लिहून मी कागद उशीखाली ठेवून दिला होता. आज पंचविसावा दिवस. या तीन दिवसांत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

परवा प्राचीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि तिनं विचारलं, "बाबा, दुपटं कुठवर आलं?" माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. आईचं स्वेटर, आत्यानं न विचारता उसवलेलं, माझा राग, ते नऊ दिवस. ते वाक्यही सांगितलं, शब्दन् शब्द. मग ती म्हणाली,

"बाबा, आत्यानं तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"स्वेटर उसवायला मी सांगितलं होतं. मला बाळाला पहिल्यांदा आईच्यात गुंडाळायचं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हात लावू दिला नसता. आत्या नकोच म्हणत होती. मी रडले तेव्हा तयार झाली. म्हणाली, बाळ त्यात आलं की मंग सांगू बापाले, तोपर्यंत तुहं नाव माह्या तोंडून निघत नाही."

अक्का! दोन शब्द बोलायचे होते ग तुला. "पोरीनं सांगतलं." एवढंच. मी ओरडत होतो, तू कणीक मळत होतीस, आणि ते दोन शब्द तुझ्या तोंडात होते. ते वाक्य ऐकल्यावरही तू ते गिळलेस. कारण तुला तुझा भाऊ माहीत होता. नाव घेतलं असतंस तर मी त्याच पावली फोन उचलून पोटुशा पोरीवर ओरडलो असतो. ओरडलोच असतो, खोटं कशाला बोलू? तिच्या वाटचं तू अंगावर घेतलंस आणि वर मला दूध उतू जाईल म्हणून सांगून गेलीस. नऊ दिवस तू त्या गॅलरीत काय विचार करत बसायचीस? मी विणायला कधी घेतो याचाच ना?

मी फोनवर रडत होतो, प्राची रडत होती. मग ती नाक ओढत म्हणाली, "तुम्ही सासूबाईंना बरोबर आहे तुमचं असं कसं म्हणालात? मी वाट बघत होते तुम्ही बोलवाल म्हणून. रोज वाट बघत होते." मला वाटत होतं, पोरगी तिकडे सुखात असेल, आईविना घरात कशाला येईल. आणि ती तिकडे बॅग भरून बसलेली.

मी लगेच सासूबाईंना फोन लावला, धीर गळायच्या आत. म्हणालो, पोरीला पाठवा. त्यांनी विचारलं, मालीश? म्हणालो, आमच्या मनीषनगरातलीच एक बाई ठरवतो, वानखेडे वहिनींच्या दोन्ही सुनांचं तिनंच केलं आहे. डिंकाचे लाडू? वहिनी शिकवतील. बाळाची आंघोळ? इथं मी जरा अडकलो. "शिकतो," म्हणालो. "विणायला शिकलो, तर हेही शिकीन." बाई हसल्या. "मीही येते पंधरा दिवस," म्हणाल्या, "तुम्ही विणलेलं बघायला तरी." गुरुवारी सकाळच्या गाडीनं प्राची येते आहे. तुझी खोली तिच्यासाठी झाडून घेतली. खिडकीजवळची खाट तिला, आणि पाळणा मधल्या खोलीत.

आज सकाळी धंतोलीत गेलो, तिचं नाव नोंदवायला. तुझ्या दवाखान्याच्या गल्लीतून जावं लागतं, मी मान वर केली नाही. बाळंतपणाच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. नाव, वय, कितवा महिना, पत्ता, सगळं भराभर लिहिलं, सरकारी माणसाला फॉर्म भरायला काय लागतं. खाली एक रकाना होता, घरी पेशंटची काळजी घेणारी स्त्री. तसंच छापलेलं होतं. मी पेन टेकवलं आणि तुझं नाव लिहिलं. विचार करून नाही, हातानंच लिहिलं, आपल्या आडनावासकट नव्हे, तुझ्या सासरच्या पूर्ण नावानं. लिहून झाल्यावर कळलं आणि पेन जागच्या जागी राहिलं. खोडायला हात होईना. शेजारी फोन नंबर होता, तिथं माझा टाकला. त्याच्या पुढं नातं.

"काका, भरा न लवकर, मागे लोकं उभे आहेत," मुलगी म्हणाली.

आत्या लिहिलं असतं तर ते बरोबरच होतं. पण तुझं होतं कोण, असं विचारणारा मीच होतो, आणि उत्तर लिहायला समोर कागद होता. कुंदाला यात वावगं वाटणार नाही, तिला मी ओळखतो. मी नात्याच्या रकान्यात लिहिलं, आई.

मुलीनं फॉर्म वाचला, शिक्का मारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वेळी यांच्या आईंना सोबत आणा, डॉक्टर त्यांना सगळं समजावून सांगतील."

मी म्हणालो, "आणतो."